गाणे कुणाचे, कागद कुणाचा?

देहूतला पहिला मुक्काम आटोपून संत तुकाराम महाराजांची पालखी दुसऱ्या दिवशी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात उतरते. त्या संध्याकाळी आकुर्डीत जे समूहगान होते, त्यासाठी कुणीही स्वरलिपीचा कागद हातात धरलेला नसतो. दिंडीच्या मध्यभागी विणेकरी, त्याच्याजवळ मृदंगी आणि दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या रांगा असतात. एकाने चाल उचलली की बाकीचे ती धरतात. वारकऱ्यांच्या भजनी मालिकेत अभंगांचे शब्द आणि त्यांचा क्रम छापलेला असतो. चाल मात्र गळ्यातून गळ्यात जाते. शब्द कित्येक शतकांपूर्वीचे आणि चाली परंपरेच्या, त्यामुळे इथे परवानगीचा प्रश्नच येत नाही.

याच आकुर्डीत समूहगानाचा दुसरा प्रवाहही आहे. साठच्या दशकात इथे बजाजचा कारखाना उभा राहिला, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि मराठवाडा, विदर्भ, खानदेश, केरळ, तमिळनाडू अशा अनेक भागांतून माणसे इथे राहायला आली. त्यांच्याबरोबर भजनी मंडळे आली, चर्चमधले गायकवृंद आले, शाळांची समूहगीते आणि सोसायट्यांची गाणारी मंडळे आली. या मंडळांना वारीपेक्षा वेगळ्या अडचणी असतात. निम्मे सभासद पहिल्या पाळीत, तर निम्मे दुसऱ्या. मंगळवारच्या तालमीला आलेला माणूस गुरुवारी कामावर असतो. त्यात गाणे दोन-तीन आवाजांत बांधायचे ठरले, तर केवळ ऐकून लक्षात ठेवणे पुरत नाही आणि कागद लागतोच.

कागद आला की त्याच्यामागून प्रश्न येतात. स्वर कोणत्या लिपीत लिहायचे? एका पुस्तकावरून चाळीस झेरॉक्स काढलेल्या चालतील का? गाजलेल्या गाण्याला आपण दुसरा आवाज जोडला, तर तो कुणाच्या मालकीचा? १ मे रोजी झेंडावंदनाला गायचे आणि महिन्याभराने तिकीट लावून तेच गायचे, यात फरक आहे का? हे प्रकरण या प्रश्नांची उत्तरे एकेक करून देते. गुंतागुंतीच्या प्रकरणात वकील गाठावाच लागतो, पण मंडळांपुढच्या बहुतेक अडचणी त्याआधीच सुटण्यासारख्या असतात.

कोणत्या लिपीत लिहावे?

मराठी माणसाला सर्वांत जवळची लिपी पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची. क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत त्यांनी सुमारे अठराशे बंदिशी याच पद्धतीने छापल्या. घराण्यांनी जिवापाड जपलेल्या चिजा त्यामुळे कुणाही विद्यार्थ्याच्या हाती आल्या. लिपी साधी आहे. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. स्वर लांबवायचा असेल तर आडवी रेघ, अक्षर लांबवायचे असेल तर अवग्रह. एका मात्रेत दोन-तीन स्वर आले तर खालून कंस. समेला फुली, खालीला शून्य, टाळ्यांना आकडे.

ही लिपी एका आवाजासाठी घडवलेली आहे, तरी समूहगानासाठी ती थोड्या शिस्तीने वापरता येते. वहीचे पान मात्रांच्या रकान्यांत आखा. पहिल्या ओळीत स्त्रियांचा वरचा आवाज, तिच्याखाली दुसरा, त्याखाली पुरुषांचा आणि सर्वांत खाली शब्द. प्रत्येक मात्रा वरपासून खालपर्यंत एकाच रकान्यात आली पाहिजे. म्हणजे आपण षड्जावर थांबलो असताना शेजारची रांग गंधारावर आहे, हे डोळ्यांना दिसते. पानाच्या माथ्यावर षड्ज कोणत्या पट्टीचा, काळी एक की काळी चार, हे लिहिलेच पाहिजे. मिश्र मंडळात सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. पुरुषांना सोयीची पट्टी स्त्रियांना खाली पडते आणि तालीम संपेपर्यंत पेटीवाला पट्टी बदलत राहतो.

दुसरी लिपी पाच रेघांची, म्हणजे स्टाफ नोटेशन. तिच्यात स्वराची उंची रेघेवरच्या जागेने आणि लांबी आकाराने कळते. तीन-चार आवाज एकाच वेळी दाखवायला तिच्याइतकी सोयीची लिपी नाही. बँडवाले, चर्चमधले ऑर्गनवादक आणि व्हायोलिन शिकणारी मुले ती वाचतात. गोव्यात तर पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांनी मुलांना स्वरवाचन शिकवले आणि पुढे मुंबईच्या वाद्यवृंदांना तिथूनच वाचते वादक मिळाले. तिसरी, टॉनिक सोल्फा, ही एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सारा ग्लोव्हर यांच्या पद्धतीवरून जॉन कर्वेन यांनी पसरवली. तिच्यात डो, रे, मी यांची आद्याक्षरे वापरतात आणि आपल्या सा-प्रमाणेच डो हवा तिथे हलवता येतो. त्यामुळे पेटीवर सरगम शिकलेल्या माणसाला ती लवकर उमजते.

माझा सल्ला असा. मंडळातले बहुतेक जण पेटी-तबल्याच्या वर्गातून आलेले असतील, तर भातखंडे लिपी मुख्य ठेवा. साथीला कीबोर्ड, गिटार किंवा व्हायोलिन असेल, तर त्या वादकांसाठी पाच रेघांची एक प्रत वेगळी करा. म्युझस्कोरसारखी मोफत प्रणाली संगणकावर असली, तर एकदा लिहिलेले गाणे पट्टी बदलून पुन्हा छापता येते आणि प्रत्येक आवाज सुटा करून सभासदाला ऐकवताही येतो. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला त्याचा मोठा आधार होतो.

एका गाण्याचे पाच हक्क

आकुर्डी-प्राधिकरणात इमारती उभ्या राहण्याआधी शेते होती, म्हणून इथल्या जुन्या कुटुंबांना सातबारा समजावून सांगावा लागत नाही. जमीन एक दिसते, पण उताऱ्यावर नावे अनेक असतात आणि एकाने सही दिली म्हणून दुसऱ्याचा हिस्सा विकला जात नाही. गाण्याचेही तसेच आहे. त्यात शब्दांचा हक्क, चालीचा हक्क, समूहासाठी केलेल्या बांधणीचा हक्क, छापील पानाचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क असे पाच हिस्से असू शकतात. प्रत्येकाचा मालक वेगळा आणि मुदतही वेगळी.

‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत घ्या. २०२३ मध्ये ते राज्यगीत झाले. शब्द राजा बढे यांचे, संगीत श्रीनिवास खळे यांचे आणि लोकांच्या कानांत बसलेला आवाज शाहीर साबळे यांचा. बढे १९७७ मध्ये गेले, खळे २०११ मध्ये. भारतीय कायद्यात शब्द आणि चाल या स्वतंत्र कृती आहेत आणि दोन्हींचा कॉपीराइट निर्मात्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. त्यामुळे या गीताचे शब्द २०३७ अखेरपर्यंत आणि चाल २०७१ अखेरपर्यंत संरक्षित आहे. त्याचे ध्वनिमुद्रण हा आणखी एक हिस्सा. त्याची मुदत प्रकाशनापासून साठ वर्षे आणि त्याची मालकी सहसा ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीकडे असते. राज्यगीताचा मान मिळाल्याने हे हक्क आपोआप संपत नाहीत.

याहून बोलके उदाहरण पसायदानाचे. शब्द ज्ञानेश्वरांचे, तेराव्या शतकातले आणि म्हणून सर्वांसाठी खुले. पण घरोघरी म्हटली जाणारी, लता मंगेशकरांच्या आवाजामुळे परिचित झालेली चाल हृदयनाथ मंगेशकरांची आहे आणि तिचा हक्क पूर्णपणे चालू आहे. ‘अभंग तुकयाचे’ मधल्या चालींचेही तसेच. तुकोबांचे शब्द कुणीही छापावेत. खळ्यांनी बांधलेली चाल मात्र खळ्यांची. दिंडीत वारकरी म्हणतात ती परंपरेची चाल आणि ध्वनिमुद्रिकेवरची चाल कानाला जवळची वाटली, तरी हक्काच्या दृष्टीने त्या वेगळ्या आहेत. संताचे नाव पाहून पूर्ण गाणे खुले समजणे ही समूहगान मंडळांकडून सर्वाधिक वेळा होणारी गफलत आहे.

तिसरा हिस्सा बांधणीचा. कायद्याच्या दुसऱ्या कलमात संगीतकृतीची नवी मांडणी किंवा तिचे लिप्यंतर हे रूपांतरच मानले आहे आणि रूपांतराचा हक्क मूळ मालकाकडे असतो. म्हणजे एखाद्या संरक्षित भावगीताला तुमच्या मंडळातल्या जाणत्या माणसाने सुंदर दुसरा आवाज जोडला, तरी त्यासाठी मूळ संगीतकाराची किंवा त्याच्या वारसांची परवानगी हवी. परवानगी घेऊन केलेली बांधणी ही मात्र स्वतःच्या बळावर नवी कृती ठरते आणि तिचा हक्क बांधणाऱ्याकडे राहतो.

न लिहिलेल्या चालीला हक्क असतो का?

हा प्रश्न आज विचित्र वाटेल, पण भारतात तो जवळपास चाळीस वर्षे अगदी खरा होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातली मूळ व्याख्या अशी होती की, संगीतकृती म्हणजे छापलेली, लिहिलेली किंवा अन्य प्रकारे रेखांकित केलेली स्वररचना. ही व्याख्या पाश्चात्य कागदावर बेतलेली होती. ज्या देशात बहुतेक संगीतकार पेटीवर बसून, गुणगुणून, थेट गायकाला चाल शिकवत, तिथे ती कितीतरी निर्मिती बाहेर ठेवत होती. गाणाऱ्याला तर त्या कायद्यात स्थानच नव्हते. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचा चित्रपट निर्मात्यांच्या संघटनेशी खटला आला. तेव्हा न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी आपल्या स्वतंत्र टिपणात गायकाला हक्क नसल्याबद्दल स्पष्ट खंत नोंदवली आणि संसदेचे लक्ष वेधले.

१९९४ च्या दुरुस्तीने दोन्ही उणिवा भरून काढल्या. आता संगीतकृती म्हणजे स्वररचना. तिचे लेखन तिच्यात समाविष्ट आहे, पण लिहिलेले असण्याची अट उरली नाही. कलावंताच्या सादरीकरणालाही स्वतंत्र हक्क मिळाला. हा टप्पा महत्त्वाचा अशासाठी की, ‘नोटेशन कुठे छापलेले नाही, म्हणजे चाल कुणाचीच नाही’ हा समज अजून जिवंत आहे. तालमीत कानाने ऐकून उतरवून घेतलेली सरगम ही मूळ चालीचेच लिप्यंतर असते. लिहिण्याचे कष्ट तुमचे, चाल संगीतकाराचीच.

मुदत कशी मोजायची?

हिशेब सोपा आहे. निर्मात्याच्या मृत्यूनंतर येणाऱ्या १ जानेवारीपासून साठ वर्षे मोजायची. १९९२ पूर्वी ही मुदत पन्नास वर्षे होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले, त्यांच्या साहित्याचा हक्क १९९१ अखेरीस संपणार होता. तो विश्वभारतीकडे राहावा या मागणीतून मुदत दहा वर्षांनी वाढली आणि तिचा लाभ देशातल्या सर्वांनाच मिळाला.

समूहगानातली काही नावे या हिशेबात घालून पाहू. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. ‘खरा तो एकची धर्म’चे शब्द २०१० अखेरीस खुले झाले. सावरकर १९६६ मध्ये गेले. ‘जयोस्तुते’च्या शब्दांची मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत. त्या गीतांच्या परिचित चालींचा हिशेब अर्थातच त्यांच्या संगीतकारांनुसार वेगळा. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले आणि सुधीर फडके २००२ मध्ये. म्हणून गीतरामायणातल्या ५६ गीतांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत आणि चाली २०६२ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. पालिकेने गदिमांच्या नावाने याच परिसरात नाट्यगृह उभारले आहे. तिथे गीतरामायण समूहस्वरात सादर करण्याची इच्छा कुठल्याही मंडळाला होईल. त्याने हे आकडे आधी पाहून ठेवावेत.

शाळाशाळांतून गायले जाणारे ‘हम होंगे कामयाब’ तर दोन देशांच्या हिशेबात येते. मूळ ‘वी शॅल ओव्हरकम’वर अमेरिकेत एका प्रकाशकाचा दावा होता. न्यायालयीन लढाईनंतर २०१८ मध्ये तडजोड होऊन ते गीत सर्वांसाठी खुले झाले. पण हिंदी शब्द गिरिजाकुमार माथुर यांचे आहेत. ते १९९४ मध्ये गेले, त्यामुळे त्या शब्दांची मुदत २०५४ अखेरपर्यंत आहे. मूळ खुले झाले म्हणून भाषांतर खुले होत नाही.

झेरॉक्स आणि पीडीएफ

समूहगान मंडळाचा खरा कस लागतो तो झेरॉक्सच्या दुकानात. एक पुस्तक विकत घ्यायचे आणि सर्वांना प्रती वाटायच्या, ही सवय इतकी रुळली आहे की ती चूक वाटतच नाही. पण प्रती काढण्याचा हक्क हा कॉपीराइटमधला पहिला हक्क आहे. व्हॉट्सॲपच्या गटावर टाकलेली पीडीएफ हीसुद्धा प्रतच.

इथे लोक दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स खटल्याचा दाखला देतात. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांसाठी पुस्तकांतील भागांच्या प्रती काढू देण्याच्या बाजूने निकाल दिला, हे खरे. पण त्याचा आधार कायद्यातली शिक्षक आणि विद्यार्थी यांना शिकवण्याच्या ओघात दिलेली सवलत हा होता. शाळेतल्या संगीताच्या तासाला तिचा उपयोग होईल. सोसायटीच्या सभागृहात कार्यक्रमाची तयारी करणारे मंडळ स्वतःला वर्ग म्हणवून ती सवलत ओढून घेऊ शकत नाही.

परदेशी प्रकाशकांकडून चार आवाजांचे गीत ऑनलाइन घेताना बहुधा गाणाऱ्यांच्या संख्येइतक्या प्रतींचे पैसे भरावे लागतात आणि घेणाऱ्याचे नाव व प्रतींची संख्या पानावर छापून येते. तीस जणांचे मंडळ असेल तर तीस प्रती घ्याव्यात. खर्च झेपत नसेल तर खुल्या भांडारांकडे वळावे. इंटरनेटवरच्या कोरल पब्लिक डोमेन लायब्ररीत १९९८ पासून आणि आयएमएसएलपीमध्ये २००६ पासून हजारो रचना जमा झाल्या आहेत. मात्र तिथेही पानाची तळटीप वाचावी. बाखचे संगीत खुले असले, तरी एखाद्याने अलीकडे संपादित केलेली आवृत्ती त्याच्या अटींवरच वापरता येते. आणि परदेशातले नियम त्या देशापुरते असतात. तुम्ही आकुर्डीत छापणार असाल तर भारतातली मुदत तपासावी लागते.

गाण्यासाठी परवानगी कधी लागत नाही?

कायदा गाणाऱ्यांचा शत्रू नाही. ५२व्या कलमात त्याने बऱ्याच वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. हौशी मंडळाने पैसे न घेता श्रोत्यांपुढे गायले, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी गायले, तर शब्द आणि चालीच्या सादरीकरणाला परवानगी लागत नाही. शाळा-महाविद्यालयाच्या उपक्रमात विद्यार्थी आणि शिक्षक गात असतील आणि श्रोते म्हणून विद्यार्थी, शिक्षक, पालक व त्या उपक्रमाशी संबंधित लोकच असतील, तर लागत नाही. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत लागत नाही; लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांचाही कायदा त्यात समावेश करतो. केंद्र, राज्य किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शासकीय समारंभात लागत नाही. म्हणजे पालिकेच्या १ मेच्या झेंडावंदनाला राज्यगीत समूहस्वरात गाणारे मंडळ निर्धास्त राहू शकते, आणि रविवारच्या उपासनेत गाणारा चर्चचा गायकवृंदही.

या सवलतींची हद्द नीट ओळखावी. तिकीट लावले की, धार्मिक संस्थेच्या मदतीचा अपवाद सोडला तर, हौशी मंडळाची सवलत संपली. गणेशोत्सवातली आरती आणि त्याच मांडवात रात्री होणारा गाण्यांचा कार्यक्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; आरतीची सवलत कार्यक्रमाला आपोआप लागू धरू नये. ध्वनिमुद्रित ट्रॅक लावून त्यावर गायचे असेल तर ध्वनिमुद्रणाचा हक्क स्वतंत्रपणे पुढे येतो. शिवाय ही सवलत गाण्यापुरती आहे, कागदाच्या प्रती काढण्यापुरती नाही. कार्यक्रमाचे चित्रण यूट्यूबवर टाकले, की सभागृहापुरती असलेली सूटही मागे राहते.

तिकिटाच्या कार्यक्रमासाठी शब्द आणि चाल यांचा परवाना इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडून, म्हणजे आयपीआरएसकडून मिळतो. कवी, संगीतकार आणि संगीत प्रकाशक तिचे सभासद असतात. ती १९६९ पासून काम करते. ध्वनिमुद्रणे सार्वजनिक ठिकाणी वाजवण्याचे परवाने देणारी फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड ही संस्था वेगळी. सभागृह ठरवतानाच गाण्यांची यादी, संगीतकार आणि कवी यांची नावे आणि आसनसंख्या लिहून ठेवली की अर्ज भरायला वेळ लागत नाही.

मंडळाला स्वतःची ध्वनिमुद्रिका काढायची असेल, तर ३१-सी हे कलम पाहावे. मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झाले त्या वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षे उलटल्यावर ठरलेली रॉयल्टी भरून नवे ध्वनिमुद्रण करता येते. पण सर्वसाधारणपणे किमान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी धरावी लागते आणि मूळ कृतीत मनाजोगे बदल करण्याची मुभाही नाही. छोट्या मंडळाने त्याऐवजी हक्कधारकाशी थेट बोलणे बरे.

परवानगी मागताना

बांधणी करण्यासाठी किंवा नोटेशन छापण्यासाठी सर्वसाधारण परवाना पुरत नाही. तिथे हक्कधारकालाच लिहावे लागते. भावगीत असेल तर संगीतकाराचे वारस, चित्रपटगीत असेल तर बहुधा संगीत कंपनी, पुस्तकातली कविता असेल तर कवी किंवा प्रकाशक. पत्र एका पानाचे पुरते. गाण्याचे नाव, किती आवाजांत बांधणार, किती प्रती छापणार, कुठे गाणार, तिकीट आहे का, चित्रण करून प्रसारित करणार का, किती काळासाठी परवानगी हवी आणि श्रेयनामावली कशी छापणार, एवढे स्पष्ट लिहावे. उत्तर लेखीच घ्यावे. फोनवरचा होकार प्रेमाचा असतो, पण दोन वर्षांनी मंडळाचे सचिव बदलले की तो कुणालाच सिद्ध करता येत नाही. कायद्यालाही हक्काची देवघेव लेखी लागते. हक्क लिहून देताना काळ नमूद केला नसेल तर तो पाच वर्षांचा धरला जातो आणि प्रदेश नमूद केला नसेल तर भारतापुरता.

मोठ्या कवीच्या घरच्यांना पत्र लिहायला मंडळे बिचकतात. बिचकण्याचे कारण नाही. आपल्या वडिलांचे किंवा आजोबांचे गाणे कुणीतरी तीन आवाजांत बांधून गाणार आहे, हे कळणे घरच्यांसाठीही मोलाचे असते. न विचारता गायलेले गाणे कानावर पडणे मात्र दुखावणारे ठरते.

आपल्याच माणसाचे नाव

आता मंडळाच्या आत पाहू. बहुतेक मंडळांत एक माणूस असतो, जो रात्री जागून दुसरा आवाज लिहितो, पट्टी बदलतो, प्रती तयार करतो. त्याचे नाव पानावर क्वचितच असते. काही वर्षांत तो कागद या मंडळातून त्या मंडळात जातो आणि ‘पारंपरिक’ म्हणून छापला जातो. कॉपीराइट कायद्याच्या ५७व्या कलमाने निर्मात्याला दोन हक्क दिले आहेत: कृतीवर आपले नाव असण्याचा आणि कृतीची प्रतिष्ठा घालवणारी मोडतोड रोखण्याचा. हक्क विकला तरी हे दोन उरतात.

बांधणी करणारा मंडळाचा पगारी नोकर नसेल, तर मानधन घेऊनही कॉपीराइट सहसा त्याच्याकडेच राहतो, जोवर लेखी वेगळे ठरलेले नाही. म्हणून सुरुवातीलाच चार ओळींचा करार करावा: मंडळाला कायम गाता येईल, प्रती काढता येतील, दुसऱ्या मंडळाला द्यायचे असल्यास बांधणाऱ्याला विचारले जाईल. नोंदणी सक्तीची नाही. हक्क निर्मितीबरोबरच मिळतो. पुरावा हवा असेल तर दिल्लीत द्वारका इथल्या कॉपीराइट कार्यालयात ऑनलाइन अर्ज करता येतो आणि आक्षेपांसाठी तीस दिवस थांबावे लागते.

नावे आणि हक्क हरवू नयेत, यासाठी प्रत्येक गाण्याच्या पहिल्या पानावर सहा गोष्टी असाव्यात: कवी आणि त्याचा मृत्यूचा सन, संगीतकार आणि त्याचा मृत्यूचा सन, बांधणी कुणाची, लिपीकार कोण, परवानगी कुणाची व कोणत्या तारखेची, आणि षड्जाची पट्टी. चालीचा कर्ता खरोखर अज्ञात असेल तर ‘पारंपरिक’ लिहावे आणि ती कुणाकडून, कोणत्या गावात ऐकली तेही लिहावे. एवढे केले की या प्रकरणातले निम्मे प्रश्न पुन्हा उठत नाहीत.

आणि एक काम आकुर्डीसारख्या गावातूनच सुरू व्हावे, असे मला मनापासून वाटते. खुल्या शब्दांची आपल्याकडे कमतरता नाही. तुकोबा, जनाबाई, चोखामेळा यांचे अभंग आहेत. १९१९ मध्ये निधन पावलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भक्तिगीते आहेत. साने गुरुजींची गीते आहेत. दिंडीतल्या परंपरेच्या चाली आहेत. यांतली दहा गीते निवडावीत, जाणत्या वारकऱ्यांकडून आणि चर्चच्या गायकांकडून चाली ऐकून घ्याव्यात, दोन-तीन आवाजांत बांधाव्यात, भातखंडे लिपीत आणि पाच रेघांत लिहाव्यात, बांधणाऱ्याचे नाव घालावे आणि कुणालाही मोफत प्रती काढण्याची लेखी मुभा देऊन त्या खुल्या कराव्यात. मग चाकणच्या शाळेला, नाशिकच्या मंडळाला किंवा परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाला झेरॉक्स काढताना अडखळावे लागणार नाही. ज्याच्याकडे भातखंडे लिपी लिहिणारा एक माणूस आणि गाणारे दहा गळे आहेत, त्या कोणत्याही मंडळाला हे काम येत्या हंगामात हाती घेता येईल.